गाडीच्या काचांना फिल्म लावावी का? माझे बारा आठवडे

इलेक्ट्रिक गाडी ३ मार्चला दारात आली. शोरूममध्ये आम्हाला सगळ्यात जास्त भुरळ पडली होती ती छताची. समोरच्या काचेपासून मागच्या सीटपर्यंत सलग काच, आत बसलं की आभाळ डोक्यावर. आईला पहिल्याच दिवशी मागे बसवून फिरवून आणलं तेव्हा ती मान वर करून बघत होती आणि मला फार बरं वाटलं होतं.

२६ मार्चला चित्र पालटलं. दुपारी दीडच्या सुमारास दवाखान्यातून आईला घेऊन येत होते. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला लख्ख उजेड सोसत नाही. मागच्या दाराच्या काचेतून ऊन थेट तिच्या उजव्या हातावर आणि गालावर येत होतं. तिनं पदर डोक्यावरून पुढे ओढला, मग पर्स आडवी धरली, आणि शेवटी म्हणाली, "अगं, एसी लागतोय सगळा, पण हात भाजतोय बघ." आत तापमान २४ दाखवत होतं. घरी पोचल्यावर बघितलं तर तिचा हात कोपरापासून खाली लाल झाला होता. त्याच रात्री मी काचांना फिल्म लावायचं मनात घेतलं. लावायला मात्र २४ मे उजाडला. मध्ये काय काय झालं ते लिहून ठेवते, कारण मला हवी होती ती माहिती एका जागी कुठेच सापडली नव्हती.

सुरुवातीला माझ्या डोक्यात दोनच गोष्टी होत्या: काच जितकी काळी तितकी गाडी गार, आणि गाडी गार म्हणजे एसी कमी, म्हणजे रेंज जास्त. दोन्ही अर्धवट खऱ्या निघाल्या.

रेंजचं आधी तपासलं, कारण ते घरबसल्या जमण्यासारखं होतं. २८ मार्च ते १० एप्रिल असे चौदा दिवस वहीत नोंदी केल्या. गाडीच्या स्क्रीनवर चालवण्यासाठी किती वीज गेली आणि एसीला किती, हे वेगवेगळं दिसतं. गाडी तापलेली असताना पहिली दहा-पंधरा मिनिटं एसी भरपूर वीज खातो. एकदा आतलं तापमान बसलं की माझ्या गाडीत तो साधारण १ किलोवॅटवर येऊन थांबतो. आता हिशेब असा. एसी तासावर चालतो, किलोमीटरवर नाही. ताशी ८० च्या वेगानं मोकळ्या रस्त्यावर गेलं तर १०० किलोमीटरला सव्वा तास लागतो, म्हणजे एसीची सव्वा युनिट. गर्दीत सरासरी ताशी २० पडली तर त्याच १०० किलोमीटरला पाच तास, म्हणजे पाच युनिट. फिल्ममुळे एसीचं काम एक पंचमांशानं कमी झालं असं धरलं, तरी मोकळ्या रस्त्यावर वाचणार पाव युनिट आणि गर्दीत एक युनिट. माझी गाडी १०० किलोमीटरला १५ युनिटच्या आसपास घेते. पाव युनिटसाठी कोणी एवढा खर्च करू नये. शहरातल्या शहरात रोज अडकत चालवणाऱ्याला थोडा फायदा आहे, पण तोही फिल्मचा खर्च भरून काढेल असा नाही.

रेंजसाठी याहून सोपा उपाय गाडीतच होता. निघायच्या वीस मिनिटं आधी, गाडी चार्जरला लावलेली असतानाच ॲपवरून एसी सुरू करायचा. सुरुवातीचा तो मोठा भार भिंतीतल्या विजेवर जातो, बॅटरीवर नाही. फुकटचा उपाय आहे, आजच सुरू करा.

म्हणजे रेंज हे कारण गळालं. उरला आईचा हात. आणि खरं सांगायचं तर ते कारण मला पुरेसं होतं.

मग नियम. वेगवेगळ्या देशांतल्या लोकांचे सल्ले वाचून माझा नुसता गोंधळ झाला, कारण प्रत्येक जण आपल्याकडचा नियम जगाचा नियम असल्यासारखा सांगतो. सगळा खेळ व्हीएलटी या आकड्याचा आहे: डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशापैकी किती टक्के काचेतून आत येतो. ब्रिटनमध्ये १ एप्रिल १९८५ नंतरच्या गाड्यांना समोरच्या काचेला किमान ७५ टक्के आणि पुढच्या दारांना ७० टक्के लागतात, मागच्या काचांना मर्यादा नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं वेगळं. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०० लागू होतो: समोरच्या आणि मागच्या काचेला ७०, बाजूच्या काचांना ५०. तिथे २७ एप्रिल २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं काचांवर फिल्म चिकटवायला बंदी केली होती. पुढे नियमात सुधारणा होऊन १ एप्रिल २०२१ पासून 'सेफ्टी ग्लेझिंग' आलं (आतून प्लॅस्टिकचा थर असलेली काचही यात येते), आणि २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं त्या आधारे मानकात बसणारी फिल्म चालते असं म्हटलं. तेव्हा कुणाचं ऐकून फिल्म लावण्याआधी आपल्याला लागू असलेला नियम मूळ मजकुरात वाचा. मी राहते तिथला नियम भारतातला नाही, तो असा: समोरची काच आणि पुढची दारं ७० च्या खाली जाता कामा नयेत, मागे मोकळीक.

हा ७० चा आकडा फिल्मचा नसतो, काच आणि फिल्म मिळून असतो. मला हे फार उशिरा समजलं. १६ एप्रिलला मी पहिल्या दुकानात गेले. तिथल्या माणसानं सत्तरची फिल्म दाखवली आणि "ही कायद्यात बसते" असं ठामपणे सांगितलं. मी जवळजवळ आगाऊ रक्कम देऊन मोकळी होणार होते. नुसतं विचारलं, माझी मूळ काच किती टक्क्यांची आहे? त्यानं मीटर लावला: ७४. कारखान्यातून आलेली काचही शंभर टक्के प्रकाश सोडत नाही. ७४ चे ७० टक्के म्हणजे ५२. सरळसरळ नियमाबाहेर. जवळजवळ रंगहीन अशी नव्वदची फिल्म लावली तरी ६६ ते ६७ भरतात. म्हणजे माझ्या पुढच्या दारांवर कोणतीच फिल्म बसत नव्हती. तो म्हणाला, कोण मोजतंय. मी दुकानातून बाहेर पडले.

त्याच दुकानात दिव्याचा प्रयोगही बघितला होता. काचेच्या तुकड्यामागे हात धरायचा, पलीकडे लाल दिवा. फिल्म नसलेल्या काचेमागे हात भाजतो, फिल्म असलेल्या काचेमागे काहीच नाही. बघताना पटतं. पण तो दिवा मुख्यतः इन्फ्रारेड फेकतो, आणि जमिनीवर पोचणाऱ्या उन्हात इन्फ्रारेड साधारण निम्मंच असतं. उरलेली ऊर्जा बहुतेक दिसणाऱ्या प्रकाशात असते. म्हणून "९५ टक्के इन्फ्रारेड अडवते" या आकड्यावरून निम्मीच गोष्ट कळते. विचारायचा आकडा टीएसईआर, म्हणजे सगळ्या सौर ऊर्जेपैकी एकूण किती अडते. आणखी एक गंमत मी दुसऱ्या दुकानात करून बघितली: हात पाच मिनिटं तसाच ठेवला आणि मग काचेला बोट लावलं. काच चांगलीच तापली होती. सिरॅमिक फिल्म, म्हणजे धातूऐवजी सिरॅमिकचे बारीक कण असलेली, बरीचशी उष्णता परतवत नाही, शोषून घेते. गाडी चालू असेल तर बाहेरचा वारा ती उष्णता काचेवरून घेऊन जातो. गाडी तासन्‌तास उन्हात उभी असेल तर त्यातली काही हळूहळू आतच येते. त्यामुळे उभी गाडी फिल्ममुळे गार राहील अशी आशा धरू नका. त्यासाठी सावली, नाहीतर समोरच्या काचेला पडदा.

दरम्यान १२ एप्रिलला मी गाडीच्या कंपनीला ईमेल करून चार प्रश्न विचारले होते: दारांच्या काचा कसल्या आहेत, छतावर फिल्म चालेल का, समोरच्या काचेवर चालेल का, आणि वॉरंटीचं काय. उत्तर २३ एप्रिलला आलं. वाट बघण्याचे ते अकरा दिवस मी गाडीच्या काचांचे कोपरे वाचण्यात घालवले आणि ते फार कामी आले. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बारीक पांढरा शिक्का असतो. माझ्या पुढच्या दारांवर 'लॅमिनेटेड' असा शब्द होता, मागच्या दारांवर 'टेम्पर्ड'. छताच्या काचेवर वर्तुळातल्या 'ई' शेजारी '४३आर' आणि रोमन पाचाचा आकडा होता. संयुक्त राष्ट्रांच्या ४३ क्रमांकाच्या नियमावलीत तो आकडा म्हणजे ७० टक्क्यांहून कमी प्रकाश सोडणारी काच. छत कारखान्यातूनच गडद आलेलं होतं.

लॅमिनेटेड काचेच्या दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो आणि तो जवळजवळ सगळे अतिनील किरण अडवतो. साध्या टेम्पर्ड, म्हणजे तापवून कडक केलेल्या एकाच थराच्या काचेतून त्यातले यूव्हीए बऱ्यापैकी आत येतात. म्हणजे पुढे बसणाऱ्या आम्हा दोघांना काच आधीच सांभाळत होती आणि मागे बसणाऱ्या आईला नव्हती. पुढच्या दारांवर फिल्म बसत नाही याची रुखरुख त्या शिक्क्यानं संपवली.

कंपनीचं उत्तर स्पष्ट होतं. समोरच्या काचेवर काही लावू नका, वर कॅमेरा आणि पावसाचा सेन्सर आहे. छतावर लावलीत तर छताच्या काचेची वॉरंटी जाईल, कारण गडद काच आधीच उष्णता शोषते, फिल्मनं ती आणखी तापते आणि मधला भाग व कडा यांच्या तापमानातल्या फरकानं तडा जाऊ शकतो. मागची दारं चालतील, मात्र धातूचा थर असलेली फिल्म नको. तशा फिल्ममुळे मोबाइल, जीपीएस, टोलचा टॅग यांचे सिग्नल क्षीण होतात. हे पत्र छापून घेतलं. तुम्हीही लेखी घ्या. फोनवर मला याच प्रश्नांची वेगळीच उत्तरं मिळाली होती.

छताचं मोजून बघितलं. हातातल्या इन्फ्रारेड थर्मामीटरनं, तासभर उन्हात उभ्या गाडीत, छताच्या काचेची आतली बाजू ६१ अंश भरली. डोक्याला जाणवणारी धग ती हीच. इथे फिल्मऐवजी छताच्या मापाचा कापडी पडदा घेतला, चार कोपऱ्यांत अडकवायचा. आभाळ गेलं याचं मला वाईट वाटलं. पण पडदा संध्याकाळी काढता येतो, फिल्म नाही.

आता राहिली मागची दोन दारं आणि त्यांच्यामागच्या छोट्या त्रिकोणी काचा. दुसरं दुकान २७ एप्रिलला सापडलं. तिथल्या बाईंनी भाव सांगायच्या आधी विचारलं, गाडी रात्री कोण चालवतं? मी म्हटलं, मीच. तेव्हा त्यांनी २०, ३५ आणि ५० टक्क्यांच्या सिरॅमिक फिल्मचे हातभर तुकडे दिले आणि सांगितलं, काचेवर पाण्यानं चिकटवा, तीन रात्री गाडी चालवा, मग या.

१ मेच्या रात्री पाऊस पडत होता. २० चा तुकडा मागच्या डाव्या काचेवर लावला होता. गल्लीतून उलटी गाडी काढताना खांद्यावरून मागे बघितलं, काही दिसलं नाही, म्हणून ब्रेक सोडला. तेवढ्यात मागच्या कॅमेऱ्याचा इशारा वाजला. विनादिव्याची सायकल, काळा रेनकोट घातलेला मुलगा. तो गेल्यावर मी गाडी तिथेच थांबवली, तुकडा ओरबाडून काढला आणि त्याच काचेतून परत बघितलं. मुलगा गल्लीच्या टोकाला पोचला होता, तरी दिसत होता. माझे हात थरथरत होते. २० तिथेच बाद झाली. ३५ दुसऱ्या रात्री लावली, कोरडी हवा असूनही डोळे ताणावे लागत होते. ५० ला तिसऱ्या रात्री फरक जाणवला, पण माणूस माणसासारखा दिसत होता. ७४ चे ५० टक्के म्हणजे प्रत्यक्षात ३७. कागदावरचा आकडा आणि रात्रीचा अनुभव यांचा मेळ असा बसला.

दिवसा त्याच तुकड्यांखाली आईला हात ठेवायला लावला. ५० च्या सिरॅमिकखाली तिला बरं वाटलं. दुकानातली २० ची साधी रंगीत फिल्मही तिला दाखवली होती. तिच्याखाली अंधार जास्त आणि चटका मात्र फारसा कमी नाही. गडदपणा आणि गारवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला वाचून जेवढं कळलं नव्हतं तेवढं तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

४ मेला नक्की केलं. खर्चाचं प्रमाण सांगते. साध्या रंगीत फिल्मला एक भाग धरला तर सिरॅमिकला तीन लागले. पण समोर, पुढे, मागे आणि छत सोडल्यामुळे चारच काचांचे पैसे पडले, आणि एकूण खर्च माझ्या वर्षाच्या विम्याच्या हप्त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी आला. पहिल्या दुकानानं सगळ्या काचांसाठी सांगितलेली रक्कम याच्या अडीचपट होती. फिल्म बिघडली तर काढायची मजुरी वेगळी असते, तीही आधीच विचारून घ्या.

विमा कंपनीला ६ मेला कळवलं. गाडीत केलेला बदल न कळवल्यास दावा करताना अडचण येऊ शकते, म्हणून. त्यांनी फिल्मचं नाव, मूळ काचेचा आणि फिल्मसकटचा व्हीएलटी, आणि बसवणाऱ्याचं प्रमाणपत्र मागितलं. १३ मेला 'नोंद घेतली' असं दोन ओळींचं उत्तर आलं. हप्ता वाढला नाही.

२४ मेला सकाळी ९ ला गाडी दिली. मी तिथेच थांबले. बाईंनी आधी दारांवरची बटणं आणि सीट टॉवेलांनी झाकली. फिल्म साबणाच्या पाण्यावर सरकवून बसवतात आणि ते पाणी खाली झिरपतं. दारातल्या स्विचमध्ये गेलं तर दुखणं होऊन बसतं. मग फिल्म काचेच्या बाहेरच्या अंगावर टाकून हीट गननं आकार दिला, कारण गाडीची काच सपाट नसते. त्यानंतर आतून लावली आणि रबरी पट्टीनं मधून कडेकडे पाणी ढकलत नेलं. प्रत्येक फटकाऱ्याला पाण्याची एक बारीक रेघ खाली पळायची. चार काचांना पाच तास लागले. मागच्या मोठ्या काचेला हात लावू दिला नाही, कारण तिच्यावर डीफॉगरच्या, म्हणजे तापून काचेवरचं धुकं घालवणाऱ्या, रेषा आहेत. पुढे कधी फिल्म काढायची वेळ आली तर त्या रेषाही सोबत निघू शकतात.

दुपारी अडीचला गाडी मिळाली. मागच्या दोन्ही बटणांवर चिकटपट्टी: पाच दिवस काच खाली करायची नाही. घरी येऊन बघितलं तर काचांवर धुकं धरल्यासारखं, खालच्या बाजूला पाण्याचे बारीक फुगे. मला धसकाच बसला, संध्याकाळी फोन केला. फिल्मखाली अडकलेलं पाणी सुकायला दोन-तीन आठवडे लागतात, बोटानं दाबू नका, असं त्यांनी सांगितलं. १४ जूनच्या सुमारास धुकं पूर्ण गेलं. उजव्या काचेच्या वरच्या कडेला एक धुळीचा कण मात्र राहिला होता आणि तिथे फिल्म तिळाएवढी उचलली होती. दाखवल्यावर त्यांनी ती काच पैसे न घेता पुन्हा केली, आणि आणखी पाच दिवस चिकटपट्टी. महिनाभर काचा आतून पुसू नका. नंतरही अमोनिया असलेलं क्लीनर नको, मऊ कापड आणि साधं साबणाचं पाणी पुरतं.

जूनमध्ये पुन्हा चौदा दिवस नोंदी केल्या. एसीचा वापर थोडा कमी दिसतो, पण ढगही जास्त होते, म्हणून तो आकडा मी फिल्मच्या नावावर मांडत नाही. दुपारी दीडला त्याच रस्त्यानं आईला आणलं. छताला पडदा, बाजूला फिल्म. पदर खांद्यावरच होता. अर्ध्या वाटेत तिनं काचेला हाताचा पंजा टेकवला, तसाच थोडा वेळ ठेवला आणि म्हणाली, "काच गरम आहे गं, पण ऊन नाही लागत."

जुलैत वार्षिक तपासणी होती. अधिकाऱ्यांनी पुढच्या दाराला मीटर लावला, ७४ आले. मागचं त्यांनी मोजलं नाही, प्रमाणपत्र वाचून परत दिलं. ते प्रमाणपत्र, कंपनीचं पत्र आणि विम्याचं उत्तर असे तीन कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलेत. ५० चा उरलेला तुकडाही त्यातच आहे. शेजारच्या काकूंनी परवा तो मागितला, त्यांनाही तीन रात्री गाडी चालवून बघायची आहे.